सगळी उत्तरं बरोबर

टेमघर, भिवंडी
१७ जुलै १९७७, रविवार

प्रिय बकुळा,

सप्रेम जय भीम.

तुझं पत्र बुधवारी मिळालं. तू आणि बाळ सुखरूप आहात हे वाचून जीव भांड्यात पडला. मुलगी झाली म्हणून सासूबाई दोन दिवस बोलल्या नाहीत असं लिहिलंयस. नाही बोलल्या तर नाही बोलल्या, तेवढीच तुला झोप मिळाली असेल. शेपूची भाजी खा, कान बांधून ठेव, गार पाण्यात हात घालू नकोस. मी हे सगळं ऐकीव सांगते आहे, मला कुठला अनुभव? पण आमच्या शेजारच्या जानकीबाई इथे मांडी घालून बसल्या आहेत आणि "तिला लिव्ह, तिला लिव्ह" म्हणून हुकूम सोडतायत, तेव्हा लिहिणं भाग आहे.

आता तुझ्या प्रश्नांची उत्तरं ओळीने देते. तुझे दादा जेवतात. भात-कालवण पोटभर, भाकरी अर्धी. झोप लागते. फिटच्या गोळ्या मी स्वतःच्या हाताने देते, एप्रिलनंतर फिट आलेली नाही. वजन भरतंय. चालतात-फिरतात, पण एकटं सोडत नाही, मी शाळेत असते तेव्हा जानकीबाई लक्ष ठेवतात. मागे एकदा धामणकर नाक्यावर जाऊन उभे राहिले आणि परत कुठे जायचं तेच सुचेना. एका ओळखीच्या लूमवाल्याने सायकलवर बसवून घरी आणलं आणि "रामदासभाई को अकेला मत छोडो, बाई" म्हणून मलाच सुनावलं.

मार्चमधल्या त्या तापाने हातापायाला काही केलं नाही, जे नेलं ते डोक्यातलं नेलं. डॉक्टरांनी सांगितलं ते असं, की लहानपणचं सगळं शाबूत आहे, अलीकडच्या वर्षांचं पुसून गेलंय, आणि आज सांगितलेलं उद्या राहत नाही. तुला ते विसरलेले नाहीत, ही खात्री बाळग. फक्त तुला त्यांनी चौथीत नेऊन बसवलंय.

मागच्या आठवड्यात पडघ्याहून थोरले भाऊजी येऊन गेले. तांदूळ आणले, सुकट आणली. दारात पाऊल पडायच्या आत तुझे दादा "सोमादादा" म्हणाले. मग दोघं भाऊ ओट्यावर बसून लहानपणी नदीवर मासे कसे धरायचे ते बोलत होते, मी आतून ऐकत होते. जाताना भाऊजींनी मला बाजूला घेतलं.

"कलावती, माझा भाव मला जड न्हाय," म्हणाले. "आपल्या मानसांत ऱ्हायला तर सुधरंल. तुला वळखत आसंल तर ऱ्हाऊ दे तुझ्यापाशी, मी एक शब्द बोलनार न्हाय. पन वळखत नसंल तर त्यानं हितं कुनापाशी ऱ्हायाचं, तूच सांग. पोरबाळ बी न्हाय."

मी म्हटलं, दिवाळीच्या सुट्टीपर्यंत थांबा, मी त्यांना शिकवते आहे. "शिकीव, मंग बघू," म्हणाले. त्यांनी तुलाही लिहिलंय हे तुझ्या पत्रावरून कळलं. भाऊजी कुणाचं ऐकत नाहीत आणि तुझं ऐकतात, हे मला ठाऊक आहे.

शिकवते म्हणजे काय ते सांगते. गेल्या उन्हाळ्यात ठाण्याला आमचं शिबिर झालं होतं, शिकवण्याच्या नव्या साधनांचं. आधी चित्रं चिकटवायचा खादीफळा झाला, मग शाळेचा रेडिओ, मग फिल्मपट्टी, आणि सगळ्यांत शेवटी क्रमान्वित अध्ययन. नाव ऐकून आम्ही सगळ्या बायका घाबरलो होतो, पण गोष्ट सोपी आहे. शिबिराचे सर मोठे हौशी. ते म्हणायचे, धडा घ्यायच्या आधी लिहा, की धडा संपल्यावर विद्यार्थी काय करून दाखवील. "त्याला समजेल" असं लिहायचं नाही. समजलं ते दिसतं कुणाला? "सांगेल", "लिहील", "बोट ठेवील" असं लिहायचं. मग तिथवर जायला लहान लहान पायऱ्या करायच्या आणि एका पायरीला एक चौकट. चौकटीत एक वाक्य, त्यात एक गाळलेली जागा. विद्यार्थ्याने ती भरायची आणि लगेच बरोबर उत्तर ताडून बघायचं. सुरुवातीला उत्तराची बरीचशी अक्षरं देऊन ठेवायची, नंतर एकेक काढून घ्यायचं. आणि विद्यार्थी चुकला तर त्याच्यावर डाफरायचं नाही. चूक त्याची नसते, चौकटीची असते. चौकट दुरुस्त करायची. मला हे फार पटलं होतं. आम्ही शिकलो तेव्हा चूक नेहमी आमचीच असायची आणि छडीही आम्हालाच मिळायची.

अमेरिकेत यासाठी यंत्र असतं म्हणे. सरांनी त्याचं चित्र दाखवलं होतं. मी घरी येऊन ते खडूने फरशीवर काढलं, तर तुझ्या दादांनी लूमच्या कारखान्यातून सुताच्या कांड्यांचा रिकामा लाकडी खोका आणला, त्याला पुढून खिडकी कापली, आत दोन रूळ बसवले आणि बाजूला मूठ लावली. मूठ फिरवली की आतला कागद सरकतो आणि खिडकीत पुढची चौकट येते. अख्ख्या कारखान्याचे लूम दुरुस्त करणाऱ्या जॉबरला यात काय अवघड? माझ्या तिसरीच्या वर्गात ती पेटी वर्षभर चालली. पोरं मूठ फिरवायला मिळावी म्हणून पाढे पाठ करायची.

आता ती पेटी घरी आणली आहे. शाळेतून आले की चहा झाल्यावर तुझ्या दादांसमोर मांडते. पहिल्या दिवशी त्यांनी ती उलटीसुलटी करून पाहिली आणि म्हणाले, "काम चांगलं केलंय कुणीतरी. रूळ जरा सैल आहे." पेचकस मागून घेतला, रूळ घट्ट केला, मग मूठ फिरवायला लागले.

स्वतःचं नाव, राहण्याचं ठिकाण, वार, महिना हे जमतंय. तुझीही चौकट केली आहे. "माझी बहीण बकुळा हिचे लग्न झाले. ती भुसावळला असते." अचूक भरतात. भरून झाल्यावर मला विचारतात, "बकुळाला शाळेतून आणायला कोण गेलंय?" मी म्हटलं, सोमादादा गेलेत. मग बरं म्हणाले.

पत्राच्या शेवटी तू एक प्रश्न विचारून त्याखाली दोन रेघा ओढल्या आहेस. वहिनी, दादा तुला ओळखतात का? त्या चौकटी अजून व्हायच्या आहेत. भात लावायचा आहे, म्हणून इथेच थांबते.

बाळाचा पापा घे.

तुझी वहिनी,
कलावती


टेमघर, भिवंडी
२८ ऑगस्ट १९७७

प्रिय बकुळा,

सप्रेम जय भीम.

तुझी साडी पोचली. निळा रंग छान आहे, काठ मात्र माझ्या वयाला जरा जास्तच. बाळंतपणातून उठून तू दुकानात गेलीस कधी आणि साडी घेतलीस कधी? भाऊजींनी तुला काय कळवलं ते तुझ्या पत्रात वाचलं. ते खरं आहे. तरी जसं झालं तसं मीही लिहिते.

भाऊजी आले तेव्हा पेटी आत ठेवलेली होती. चहा झाला. भाऊजींनी विचारलं, "रामदास, तुला बायको हाय का?"

"आहे ना," तुझे दादा म्हणाले.

"काय नाव तिचं?"

"कलावती."

"लगीन कुटं झालं?"

"पडघ्याला, आपल्या अंगणात."

"काय करते ती?"

"शिक्षिका आहे. टेमघरच्या शाळेत शिकवते."

एकदाही अडखळले नाहीत. भाऊजींनी खांद्यावरचा पंचा डोळ्यांना लावला. मग उठून माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "जितलीस पोरी. आता न्यायाची गोस्ट न्हाय." मी बशा हातात घेऊन उभी होते. भाऊजींनी त्यांना जे विचारलं त्याची उत्तरं त्यांनी दिली. दुसरं काही भाऊजींनी विचारलं नाही. साडेचारची गाडी पकडून भाऊजी गेले.

मी शिबिराच्या सरांनाही पत्र टाकून सगळं कळवलं होतं. शंभरातल्या नव्वद चौकटी बरोबर आल्या तर धडा यशस्वी धरतात, आणि तुझ्या दादांच्या सगळ्याच बरोबर येतात. सर फार खूश आहेत. हे सविस्तर लिहून काढा, आपण परिषदेत वाचू, असं त्यांचं उत्तर आलं. पुढे अशी यंत्रं शाळाशाळांतून बसतील, मग शिक्षकाला श्रमच उरणार नाहीत, असंही लिहिलंय. बसू देत. यंत्राला चहा द्यावा लागत नाही, एवढा फायदा नक्की आहे. मी त्यांना एक शंका विचारली होती, त्याला त्यांनी एका ओळीत उत्तर दिलं आहे. "उत्तर बरोबर येते त्याअर्थी चौकट बरोबर आहे, पुढच्या उद्दिष्टाकडे वळावे." शंका काय होती ते जाऊ दे.

मला किती आनंद झाला असेल, असं तू लिहिलंयस. मला काय झालं ते नीट सांगता येत नाही गं. शाळेत हजेरी घेते, पोरं "हजर" म्हणतात, मी पुढचं नाव घेते. घरी येते, पेटी मांडते. दात काढायच्या आधी डॉक्टर हिरडीत सुई टोचतात, मग गाल आपलाच असतो पण चावला गेला तरी कळत नाही, तसं काहीसं झालंय. रडू येत नाही. परवा बोटावर वाफ आली, फोड उठला, तो मला दुसऱ्या दिवशी दिसला. जानकीबाई म्हणतात, "मास्तरीणबाय, तुझं ध्यान खय हाय?" मी म्हणते, आहे इथेच.

बाकी घरचं ठीक. आंघोळीचं पाणी मी काढून ठेवते आणि बाहेर जाते. पाठ चोळायला जानकीबाईंचे मालक येतात, तुझ्या दादांना तेच बरं वाटतं. त्यांची खाट बाहेरच्या खोलीत घातली आहे, तिथे वारा लागतो. मला ते बाई म्हणतात. त्यात विशेष काही नाही, दूधवाल्यापासून सगळं टेमघर मला बाईच म्हणतं. लग्नाच्या फोटोवर बोट ठेवून सगळ्यांची नावं सांगतात, माझंसुद्धा.

शुक्रवारी आजूबाजूचे लूम बंद असतात. त्या दिवशी ते बेचैन असतात, सारखे दारात जातात. एकदा म्हणाले, "बाई, काय बंद पडलंय?" मी म्हटलं, काही नाही, सुट्टी आहे. जेवून झोपले.

साडी मी नेसेन. सध्या घडी मोडली नाही, एवढंच.

बाळाचं नाव ठरलं की कळव.

तुझी वहिनी,
कलावती


टेमघर
२२ सप्टेंबर

प्रिय बकुळा,

कार्ड टाकते आहे, कारण मोठं पत्र दोनदा लिहिलं आणि दोनदा फाडलं. दसऱ्याला बाळाला घेऊन येतेस हे वाचलं. ये म्हणायला हवं, पण दसऱ्याला येऊ नकोस. शाळेला सुट्टी लागू दे, मग बघू. कार्ड पोस्टमनही वाचतो, म्हणून कारण लिहीत नाही. दादांची तब्येत उत्तम आहे. चिंता करू नकोस.

वहिनी


टेमघर, भिवंडी
१६ ऑक्टोबर १९७७, रविवार

प्रिय बकुळा,

जय भीम.

तुझं पत्र मिळालं. "माझ्या भावाच्या घरी यायला मला परवानगी लागते का?" असं लिहिलंयस. लागत नाही. रागावलीस ते बरोबरच आहे. तुझ्या जागी मी असते तर कार्ड मिळाल्याच्या दुसऱ्या दिवशी गाडीत बसले असते. तू तसं न करता तोच जुना प्रश्न पुन्हा विचारलास, या वेळी रेघा न ओढता. आज उत्तर देते.

नाही. तुझे दादा मला ओळखत नाहीत. ताप उतरल्यापासून एक दिवसही ओळखलेलं नाही.

त्यांच्या लेखी मी शिकवणी घ्यायला येणारी बाई आहे. संध्याकाळी पेटी घेऊन येते, अभ्यास घेते आणि उपकार म्हणून भाकऱ्याही टाकून देते. "बाई, किती कष्ट घेता," असं म्हणतात. मी ताट वाढलं की अवघडून बसतात, माझा हात चुकून लागला तर खांदा काढून घेतात. परक्या बाईशी चांगल्या घरचा माणूस जसा वागेल तसे वागतात. त्यांना नावं ठेवायला जागा नाही.

सरळ सांगून पाहिलं नाही असं समजू नकोस. एप्रिलमध्ये, दवाखान्यातून आणल्यावर सांगितलं होतं, "अहो, मीच कलावती." ते हसले. मला वाईट वाटू नये म्हणून हसले. मग उठून ओट्यावर जाऊन बसले आणि दिवसभर माझ्या हातचं काही खाल्लं नाही. जानकीबाईंना म्हणाले, "त्या बाई चांगल्या आहेत, पण भलतंच काहीतरी बोलतात." जानकीबाईंनी येऊन मला दटावलं, "तो घाबरलाय गो, परत न्हाय बोलायचं." म्हणून मी चौकटींचा रस्ता धरला. एकदम जमत नाही ते पायरीपायरीने जमेल, असं मला वाटलं. मी तेवढंच शिकले आहे.

माझ्या चौकटी मी परत परत लिहिल्या. आधी "माझी पत्नी कलाव_". मग "कला_ _". मग नुसती रिकामी जागा. ते भरत गेले. "कलावती चष्मा लावते." भरलं. "कलावती माझ्या घरी राहते." भरलं. शेवटची चौकट लिहायला मला बरेच दिवस लागले. "माझ्यासमोर ______ बसली आहे." पेटी मध्ये, अलीकडे ते, पलीकडे मी. त्यांनी पेन्सिल घेतली आणि न थांबता लिहिलं, कलावती. मूठ फिरवून उत्तर ताडून पाहिलं. बरोबर आलं म्हणून खूश झाले.

मग मान वर करून मला म्हणाले, "बाई, ही कलावती कुठे असते हो? भेटायला का येत नाही?"

बकुळा, सरांना मी विचारलेली शंका हीच होती. चूक चौकटीची असते, तर कुठली चौकट चुकली ते मला सांगा. एकही चुकलेली नाही. सगळा कागद पुन्हा पुन्हा फिरवून पाहिला.

परवा त्यांनी तेच पुन्हा विचारलं. उत्तर देऊन देऊन मी थकले होते, म्हणून म्हटलं, "तुम्हीच सांगा, कुठे असेल?"

ते जरा विचारात पडले, मग म्हणाले, "ट्रेनिंगला असेल. ठाण्याला, होस्टेलात."



"मीच पाठवलं," ते सांगायला लागले. "घरचे नको म्हणत होते. नवी नवरी, ती होस्टेलात कशाला, लोक काय म्हणतील? मी म्हटलं, लोक काय लूम चालवायला येतात का माझ्या बदली? मी डबल पाळी करीन, पण ती शिकेल. सोमादादा महिनाभर बोलला नाही माझ्याशी."

हे कुठल्याही चौकटीत नव्हतं. मी लिहिलेलं नव्हतं. तू तेव्हा खरोखरच चौथीत होतीस आणि मी खरोखरच होस्टेलात होते. तुझे दादा त्या वर्षात राहायला गेले आहेत, आणि तिथे आपण दोघी आपापल्या जागी आहोत. ते ज्या पोरीची वाट बघतात तिची वेणी कमरेपर्यंत आहे आणि तिला चष्मा नाही. समोर बसलेली ही पिकल्या केसांची मास्तरीण ती कशी असेल?

मग सांगतच बसले. तिला गणित जड जातं, पण ती कबूल करत नाही. भूक लागली तरी सांगत नाही, आपण विचारावं लागतं. भेटायला जाताना ते भाजलेले शेंगदाणे नेतात, तर टरफलं रस्त्यावर न टाकता पदरात गोळा करते आणि मग पदर झटकायला लाजते. एकदा म्हणे गेटावर त्यांना बघून पळत आली आणि जवळ आल्यावर बोलायचं काय तेच दोघांना सुचेना. सांगताना त्यांचा चेहरा असा झाला होता, की काय सांगू तुला. ते माझ्याकडे प्रेमाने बघायचे ते मी पाहिलं आहे. पण माझ्याबद्दल दुसऱ्या कुणाला सांगताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. कुठली बायको पाहते?

मला त्या कलावतीचा हेवा वाटला. इतक्या महिन्यांत मला काही वाटलं असेल तर हे. आत जाऊन उगाच डाळ ढवळत बसले.

बाहेर आले तर ते रिकामा कागद फिरवत होते. "अभ्यास संपला का, बाई?"

"संपला."

"मग उद्यापासून तुम्ही येणार नाही?"

मी पेटी आवरायला घेतली. ते घाईघाईने म्हणाले, "कलावती येईपर्यंत तरी येत जा. मला एकट्याला घर सांभाळवत नाही. तिची परीक्षा झाली की ती येईलच. तिला सांगेन मी, बाईंनी फार केलं माझं."

मी म्हटलं, येईन.

आता भाऊजींचं. त्यांनी नाव विचारलं, त्यांना नाव मिळालं, आणि मी तोंड मिटून घेतलं. पण त्यांना फसवून मला हा संसार करायचा नाही. तू त्यांना खरं कळव. माझ्याकडून सांगवणार नाही, कारण ते माझ्यासमोर पंच्याने डोळे पुसून गेले आहेत. ते म्हणतील, ओळखत नाही तर तिथे ठेवायचा कशाला? त्यांचं चुकत नाही. पडघ्याला सगळी ओळखीची माणसं आहेत, दादा तिथे सुखात राहतील, मला दिसतंय ते. पण पडघ्याला नेलं तर कलावती परत येईल कुठे? ते तिची वाट या घरात बघतात, बकुळा. संध्याकाळ झाली की कंदिलाची काच पुसून ठेवतात, वीज असली तरी. तिला इथलं दार माहीत आहे, असं म्हणतात. तिथे नेलं की दहा-पंधरा दिवसांत वाट बघणंही पुसून जाईल, आणि मग ती त्यांना कुठेच उरणार नाही.

मला ते इथे हवेत. माझा नवरा म्हणून नसतील तर तिचा नवरा म्हणून. हे मी पहिल्यांदाच कुणाला सांगते आहे. भाऊजी तुझा शब्द मोडत नाहीत. तो एकदा टाक.

सुट्टी लागली की बाळाला घेऊन ये. तुझ्या कडेवर बाळ बघून ते गोंधळतील, तुला कुणाची तरी पाहुणी समजतील. मनाला लावून घेऊ नकोस. थोडा वेळ बस, लहानपणचं काही बोल, वाटलं तर आवाजावरून येईल त्यांच्या ध्यानात.

आणि एक सांगायचं आहे. दारातून मला नेहमीसारखी "वहिनी" म्हणून हाक मारू नकोस. मागच्या रविवारी जानकीबाईंचा दीर त्यांना वहिनी म्हणून हाक मारत आला, तर तुझे दादा मला म्हणाले, "आली वाटतं," आणि उठून, केस नीट करून, दाराशी जाऊन उभे राहिले. बराच वेळ उभे होते. मी त्यांच्या मागे होते. म्हणून तू आलीस की मला बाई म्हण.

इथे कागदावर मात्र अजून

तुझी वहिनी,
कलावती